ताटाची डावी बाजू

मागच्या अंकात अर्धांगवायूबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली पत्रं वाचताना एक शब्द सारखा भेटत राहिला : 'मुद्दाम'. बाबा मुद्दाम बोलत नाहीत, सासूबाई मुद्दाम अन्न टाकतात, आई मुद्दाम तेच तेच विचारते. म्हणून या खेपेला सगळी उत्तरं मेंदूवरच देते. मी चौतीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवली. रुग्ण तपासणं हे माझं काम नव्हतं, त्यामुळे गोळ्या-औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मेंदूचा कुठला भाग कुठे असतो आणि त्याला इजा झाली की माणसाचं नेमकं काय जातं, ते मी सांगू शकते. पत्र लिहिणाऱ्यांची नावं काढली आहेत, जिल्हा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : माझे यजमान ६१ वर्षांचे. आषाढात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात-पाय आता थोडा हलतो, पण बोलणं गेलं ते गेलंच. काहीही विचारा, "हो ना, हो ना" एवढंच. माझं नावसुद्धा येत नाही. पण एकादशीला घरी भजन होतं, तेव्हा डाव्या हातानं मांडीवर ठेका धरून अख्खा अभंग म्हणाले, एक शब्द चुकला नाही. तेव्हापासून मुलगा म्हणतो, बाबांना बोलता येतं, मुद्दाम बोलत नाहीत. खरं काय समजायचं?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचे यजमान मुद्दाम काही करत नाहीत. हे मुलाला आजच सांगा, बाकीचं नंतर वाचा.

तुमचं बोट डाव्या कानशिलावर ठेवा, डोळ्याच्या कोपऱ्याच्या मागे, कानाच्या जरा पुढे आणि वर. त्या हाडाच्या आत मोठ्या मेंदूच्या पुढच्या खंडाचा खालचा कोपरा येतो. उजव्या हातानं जेवणाऱ्या-लिहिणाऱ्या बहुतेक सगळ्या माणसांत शब्द जुळवून ते तोंडावाटे बाहेर काढायचं काम तिथून चालतं. त्याला ब्रोकाचा भाग म्हणतात, आणि त्यामागची गोष्ट तुमच्या घरातल्यासारखीच आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा एक रुग्ण एकवीस वर्षं होता. त्याला "तां" एवढा एकच उच्चार यायचा, म्हणून सगळे त्याला तां म्हणूनच ओळखत. त्याची वाचा तिशीत गेली आणि नंतर उजवी बाजूही लुळी पडली. दुसऱ्याचं बोलणं मात्र त्याला समजायचं. एप्रिल १८६१मध्ये तो वारला तेव्हा पॉल ब्रोका या शल्यविशारदानं त्याचा मेंदू पाहिला. डाव्या पुढच्या खंडात, तुम्ही आत्ता बोट ठेवलंत त्याच जागी, खड्डा पडलेला होता. ब्रोकानं तो मेंदू कापला नाही, अखंड जपून ठेवला. तो अजून पॅरिसमध्ये आहे. अलीकडे त्याचा एमआरआय काढला तेव्हा इजा ब्रोकाला वाटली त्याहून बरीच खोल गेलेली दिसली.

उजवाच हात का गेला, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. त्या बोलण्याच्या जागेला लागूनच हातापायांच्या हालचालींचा पट्टा आहे आणि दोघांना रक्त पुरवणारी वाहिनी एकच. तिच्यात गुठळी अडकली की दोन्ही शेजारी एकदम उपाशी राहतात. डाव्या मेंदूचे तंतू मानेकडे उतरताना मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेंदूच्या मानेत उतरणाऱ्या शेवटच्या भागात, उजवीकडे जातात आणि उजव्याचे डावीकडे. मस्तिष्कपुच्छाची पुढची चीर अंगठ्यांनी हळूच फाकवली की हे तंतू वेणीच्या पेडांसारखे एकमेकांवरून गेलेले नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मुलांना मी नेहमी आधी ते दाखवायची. पुस्तकात नुसती फुली असते, इथे खरी वेणी दिसते.

आता अभंगाचं. "मला पाणी दे" म्हणायचं तर त्या क्षणी शब्द शोधावे लागतात, क्रमानं लावावे लागतात, जिभेला आज्ञा द्यावी लागते. तेच काम बिघडलं आहे. चाळीस वर्षं म्हटलेला अभंग जुळवावा लागत नाही. तो चालीसकट एकसंध बाहेर येतो, आणि गाण्यात मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाचाही मोठा वाटा असतो. तो भाग त्यांचा शाबूत आहे. आरती, पाढे, आठवड्याचे वार, कधी कधी एखादी शिवीसुद्धा अशीच सुटून येते. म्हणून अभंग म्हणता येणं आणि तुमचं नाव घेता न येणं, दोन्ही खरं आहे. या दोन्हींमुळे मुलगा गोंधळला, त्यात त्याचाही दोष नाही.

मला वाटतं, हा अभंग तुमच्या हातात लागलेला धागा आहे, तो सोडू नका. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ सुरावर शब्द बसवून रोजची छोटी वाक्यं बोलती करण्याचा प्रयत्न करतात. "पा-णी दे" हे दोन सुरांत, मांडीवर डाव्या हाताचा ठेका धरून. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे वाचा-उपचाराची सोय आहे. जिल्हा रुग्णालयातही विचारा. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त दिसते, पण नंतरही थांबत नाही. घरी एवढं करा : एका वेळी एकच माणूस बोला, होय-नाहीनं उत्तर देता येईल असं विचारा, त्यांचा शब्द अडला की लगेच पुरवू नका. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल "यांना काही कळत नाही" असं कोणालाही बोलू देऊ नका. समजण्याची मुख्य जागा कानाच्या वर-मागे असते, कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरनं ती १८७४मध्ये दाखवली. तुमच्या पत्रावरून तरी ती बरीचशी टिकलेली वाटते. त्यांना ऐकू येतं आणि कळतंही.

इतर वाचकांसाठी इथेच सांगते. तोंड एकीकडे ओढलं गेलं, वर केलेला एक हात आपोआप खाली आला, जीभ जड झाली, की घड्याळ बघा आणि १०८ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितका मेंदू वाचतो. तेल चोळत बसू नका, तोंडात पाणी-औषध घालू नका.

प्रश्न : सासूबाई ७० वर्षांच्या. चार महिन्यांपूर्वी त्यांना मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला. बोलणं अगदी चांगलं आहे. पण ताटातलं अर्धं अन्न टाकतात, भाकरीसुद्धा अर्धीच खातात, आणि वर म्हणतात, पोट भरलं नाही. चालताना डावा खांदा चौकटीला आपटतो. शाल उजव्या खांद्यावरच घेतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर ठीक आहे म्हणून सांगितलं. अन्न टाकलं की घरात त्यांना बोलणी बसतात. मला बघवत नाही.
— एक वाचक, अकोला जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

माझ्या आईला २००६ साली उजव्या बाजूचाच झटका आला होता. दवाखान्यातून घरी आली आणि आठवड्यानं गौरी जेवणं होती. तिच्यासाठी पाटावर नाही, टेबलावर ताट मांडलं, पण तिच्याच रीतीनं : डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या आणि अळूचं फदफदं, मध्ये भाताची मूद. आई जेवून उठायला लागली. उजवी बाजू लख्ख झाली होती, डाव्या बाजूला बोट लागलेलं नव्हतं. भाताची मूद तर मधोमध सुरीनं कापावी तशी अर्धी होती. मी म्हटलं, "आई, कोशिंबीर टाकलीस?" ती म्हणाली, "वाढलीच नाहीस की." मला राग आला. मी म्हटलं, "अगं, समोर तर आहे." ती शांतपणे ताटाकडे बघत राहिली. मग मला उमजलं. मी ताट अर्धं फिरवलं. आई कोशिंबिरीकडे बघून म्हणाली, "ही कधी वाढलीस?" आणि जेवली. जी बाई आयुष्यभर आम्हाला डावी बाजू आधी वाढायला शिकवत आली, तिच्या जगातून डावी बाजूच नाहीशी झाली होती. मी हे दरवर्षी वर्गात शिकवत होते, तरी माझ्याच घरात मला ते ओळखायला एक जेवण लागलं.

आता त्यामागचं कारण. डोळ्यांत आलेलं चित्र मेंदूच्या पार मागच्या खंडात, मानेच्या वरच्या उंचवट्याच्या आत, उमटतं. सासूबाईंचं तिथपर्यंतचं काम ठीक असावं, म्हणून नजर चांगली निघाली. पण दिसलेल्यापैकी कशाकडे लक्ष द्यायचं, माझ्या आजूबाजूची जागा कशी पसरली आहे, हे मुख्यतः पार्श्वखंडात ठरतं. तो टाळूच्या मागे, दोन्ही बाजूंना असतो. डावा पार्श्वखंड मुख्यतः उजवीकडे लक्ष ठेवतो. उजवा दोन्हीकडे ठेवतो. म्हणून डावा गेला तर उजवा सांभाळून घेतो. उजवा गेला की डावीकडची राखण करायला कोणी उरत नाही. अशा माणसाला घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीनं बसतात आणि डावा अर्धा कोरा राहतो.

डोळ्यांचा यात संबंध नाही हे मिलानमधल्या एका प्रयोगातून फार सुंदर दिसलं. १९७८मध्ये बिसियाक आणि लुझ्झाती यांनी अशा रुग्णांना सांगितलं, डोळ्यांपुढे आणा की तुम्ही शहरातल्या मोठ्या चौकाच्या एका टोकाला, समोरच्या कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात, काय काय दिसतं ते सांगा. त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग सांगितलं, आता दुसऱ्या टोकाला कॅथेड्रलच्या दारात, त्याच्याकडे पाठ करून, चौकाकडे तोंड करून उभे राहा. तर आधी गाळलेल्या इमारती भराभर आल्या आणि आधी सांगितलेल्या गायब झाल्या. आठवण शाबूत होती, पण मनातल्या चित्राचीही डावी बाजू हरवली होती.

सगळ्यात अवघड भाग हा की त्यांना स्वतःला काही हरवलंय हे कळतच नाही. नजरेचा एक कोपरा गेलेला माणूस मान वळवून बघतो. यांना वळून बघायचं सुचत नाही, कारण बघण्यासारखं तिकडे काही आहे असंच वाटत नाही. म्हणून समजावून, ओरडून उपयोग नसतो.

ताट फिरवा. ताटाच्या डाव्या काठाला लाल चिकटपट्टी लावा आणि "लाल पट्टी दिसेपर्यंत बघायचं" अशी सवय लावा. जेवताना-बोलताना त्यांच्या डाव्या हाताला बसा, आधी खांद्याला हात लावा, मग बोला. गरम भांडं, शेगडी, विळी त्यांच्या डावीकडे ठेवू नका. रस्ता एकट्यानं ओलांडू देऊ नका. फिजिओथेरपीवाल्यांना 'डावीकडचं दुर्लक्ष' हे शब्द वापरून सांगा, त्यांच्याकडे यासाठीचे सराव असतात. आणि घरात ज्यांनी बोल लावले, त्यांना एकदा ताट फिरवून दाखवा. माझ्या घरी त्यानंतर कोणी एक शब्द बोललं नाही.

प्रश्न : मी दहावीत आहे. यूट्यूबवर म्हणतात माणूस मेंदू फक्त १० टक्के वापरतो. खरं आहे का? आणि चेतापेशी १०० अब्ज की ८६ अब्ज? परीक्षेत काय लिहू?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : बाळा, दहा टक्क्यांचं साफ खोटं आहे. मेंदू १३०० ते १४०० ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण तू नुसता बसलेला असतानाही शरीरातल्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. नव्वद टक्के रिकामा बसणारा अवयव एवढा खर्च करणार नाही. या पानावरची पत्रं वाच. सुपारीएवढा तुकडा गेला तरी काहीतरी जातंच.

१०० अब्ज हा जुना अंदाज, आणि अजून बऱ्याच पुस्तकांत तोच आहे. ब्राझीलमधल्या सुझाना एर्कुलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदू विरघळवून त्याचं एकसारखं द्रावण केलं आणि त्यातली पेशींची केंद्रकं मोजली. २००९मध्ये त्यांनी सांगितलेला आकडा सुमारे ८६ अब्ज. परीक्षेत तुझ्या पुस्तकातला लिही, डोक्यात ८६ ठेव. आणखी एक गंमत लक्षात ठेव : त्यातल्या सुमारे ६९ अब्ज पेशी लहान मेंदूत असतात, आणि त्याचं वजन सगळ्या मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं. मोठ्या मेंदूचं वरचं राखाडी साल दोन ते चार मिलिमीटर जाडीचं. ते घड्या घालून कवटीत बसवलेलं आहे, त्याचा दोनतृतीयांश भाग घड्यांच्या आत लपलेला असतो. पुस्तकातली नावं घाबरवतात, पण प्रमस्तिष्क म्हणजे मोठा मेंदू, अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू, आणि मस्तिष्कपुच्छ म्हणजे मेंदूचा मानेत उतरणारा शेपटासारखा शेवट, तिथून श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळले जातात.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून मागच्या मागे पडला. 'लहान मेंदूला मार लागला' असं सांगितलं तेव्हा आम्ही आशाच सोडली होती. पण वाचला. आता पाय फाकवून झुलत चालतो, बोलणं तुटक, जड. तो आयुष्यात प्यायलेला नाही, तरी गावात म्हणतात, दिवसासुद्धा पितो. सोयरीक जुळत होती ती त्याच कारणानं मोडली. लहान मेंदू म्हणजे काय, आणि हे बरं होईल का?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : दादा, तुमच्या भावाचा झोक दारूसारखाच दिसणार, कारण दारू चढते तेव्हा ज्या भागांवर चढते त्यांत लहान मेंदू प्रमुख आहे. पिणाऱ्याचा लहान मेंदू काही तासांपुरता बिघडतो. तुमच्या भावाचा मारामुळे बिघडला आहे. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही चाली सारख्याच दिसतात. गावाला हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

'लहान मेंदू' या नावामुळे तो कमी महत्त्वाचा वाटतो, नाहीतर 'लहान मेंदूला मार' म्हणजे मरणच असं वाटतं. तो डोक्याच्या मागे, खाली असतो. फ्लॉवरचा तुरा उभा चिरला की आत पांढऱ्या फांद्यांचं झाड दिसतं ना, हुबेहूब तसाच लहान मेंदूचा काप दिसतो. शरीररचनेच्या जुन्या पुस्तकांत त्याला जीवनवृक्ष असंच नाव आहे. माणूस दगावतो तो बहुतेक वेळा लहान मेंदूमुळे नव्हे, त्याच्या पुढ्यात खेटून असलेल्या मस्तिष्कस्तंभामुळे (श्वास सांभाळणारं मस्तिष्कपुच्छ हा त्याचाच खालचा भाग). कवटीचा तो कप्पा अगदी अरुंद आहे, मारानं सूज आली की स्तंभावर दाब येतो आणि श्वास थांबतो. तुमचा भाऊ त्या दाबातून वाचला.

लहान मेंदू हालचाल सुरू करत नाही, तो हालचालीचं माप ठेवतो. घास तोंडाशी नेताना हात कुठे सावकाश करायचा, कुठे थांबायचा, पाय किती उचलायचा. फ्लुराँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२४च्या सुमारास कबुतरांचा लहान मेंदू काढून पाहिला. पंखात बळ होतं, पण कबुतरांना धड उडता-चालता येईना. पहिल्या महायुद्धात गोळी लागून लहान मेंदू दुखावलेले अनेक सैनिक गॉर्डन होम्स या डॉक्टरनं तपासले. त्याच्या एका रुग्णानं सांगितलं होतं, माझा डावा हात आपोआप चालतो, उजव्याची मात्र प्रत्येक हालचाल मला विचार करून करावी लागते. तुमच्या भावाला हे वाचून दाखवा. तो म्हणेल, अगदी असंच होतं. त्यामुळेच तो संध्याकाळपर्यंत इतका थकत असेल. जे आपण विचार न करता करतो, ते त्याला दिवसभर विचार करून करावं लागतं. (मोठ्या मेंदूसारखी इथे बाजूंची अदलाबदल नसते. लहान मेंदूची उजवी बाजू शरीराच्या उजव्या बाजूचंच बघते.)

पूर्ण पहिल्यासारखं होईल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण तोल आणि चालण्याचे सराव नेमानं केले तर फरक पडतो, दोन वर्षांनंतरही पडतो. जिन्याला, न्हाणीघराला आधाराची दांडी बसवा. डॉक्टरांकडून लेटरहेडवर 'अपघातामुळे लहान मेंदूला इजा, चाल व बोलणे अस्थिर' असं मराठीत लिहून घ्या आणि त्याच्या खिशात कायम ठेवा. एसटीत, नाक्यावर, सोयरिकीच्या बैठकीत, सगळीकडे तो कागद कामाला येईल.

प्रश्न : आई सांगोल्याकडे असते, वय ७८. व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांत "जेवलास का?" पाच वेळा विचारते. पण १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती, तिथे मिळालेली सुकडी, मुकादमाचा चेहरा, सगळं काल घडल्यासारखं सांगते. भाकरी अजून गोल गरगरीत थापते. भाऊ म्हणतो, तुझं लक्ष वेधायला मुद्दाम करते. मला इतक्या लांबून काही ठरवता येत नाही.
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टींची मेंदूतली घरं वेगवेगळी आहेत. आज घडलेलं धरून ठेवायचं काम हिप्पोकॅम्पसचं. कानाच्या पातळीवर, पण खूप आत, दोन्ही बाजूंना एकेक. १५८७मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या आरांत्सियो या शरीररचनातज्ज्ञानं त्याला समुद्रघोड्याचं नाव दिलं, आणि कप्पा उघडून पाहिलं की ते गुबगुबीत वळण खरंच तसं दिसतं. नवी आठवण आधी तिथून जाते. पुढे वर्षं उलटतात तशी ती मोठ्या मेंदूच्या सालात पसरून पक्की होते. म्हणून हिप्पोकॅम्पस थकला तर आजचं "जेवलो" टिकत नाही, बहात्तरची सुकडी टिकते. भाकरी थापणं ही हातांची सवय. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यांमध्ये आणि लहान मेंदूत साठलेली असते.

हे आपल्याला एका माणसामुळे कळलं. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनला आकडीचा भयंकर त्रास होता. १९५३मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, शस्त्रक्रिया करून त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. आकडी कमी झाली, पण त्यानंतर नवी आठवण बनेना. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्याच्याकडे गेल्या, प्रत्येक भेटीत तो त्यांना पहिल्यांदाच भेटत असे. त्यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला, पण आपण हे आधी कधी केलंय हे त्याला आठवत नव्हतं. आठवण आणि सवय वेगळ्या ठिकाणी राहतात, हे तेव्हा कळलं. २००८मध्ये तो वारला, तोवर जगाला त्याची फक्त आद्याक्षरं माहीत होती. मी वर्गात त्याचं नाव घेताना मुलांना उभं राहायला सांगायची.

भावाला सांगा, पाचव्यांदा विचारताना आईसाठी तो पहिलाच प्रश्न असतो. "आत्ताच सांगितलं ना" म्हटलं की तिला काय सांगितलं ते कळत नाही, आपलं काहीतरी चुकलं एवढं मात्र कळतं, आणि ती भावना शब्दांपेक्षा जास्त वेळ राहते. पाचव्यांदाही सांगा, "जेवलो, आमटी-भात." घरी पाटीवर लिहून ठेवा : 'फोन आला होता. तो जेवला.' एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. बी-१२ आणि थायरॉइड कमी असणं, मनाची उदासी, काही औषधं, यांनीही असंच होतं आणि ते बरं करता येतं. अल्झायमरची सुरुवातही बहुधा हिप्पोकॅम्पसच्या आसपासच होते. यातलं कोणतं आहे ते तपासणीशिवाय ठरत नाही. भावाला या महिन्यातच सोलापूरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यायला सांगा.

प्रश्न : आईनं देहदानाचा फॉर्म भरलाय. मी सही केली, पण रात्री झोप येत नाही. तिचा मेंदूही काढतात का? त्याचं काय करतात?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगते. हो, काढतात. ताजा मेंदू खरवसासारखा मऊ असतो, टेबलावर ठेवला तर आपल्याच वजनानं चपटा होतो. जिवंतपणी तो कवटीतल्या पाण्यात तरंगत असतो, तिथे त्याला स्वतःचा भार पन्नासेक ग्रॅमच वाटतो. म्हणून आम्हीही त्याला तरंगताच ठेवतो. मेंदूच्या तळाशी मधोमध एक रक्तवाहिनी आहे, तिच्याखालून दोरा ओवायचा, दोऱ्याची टोकं फॉर्मॅलिनच्या बादलीच्या दोन कानांना बांधायची. मेंदू उलटा, कुठेही न टेकता, दोन-तीन आठवडे तसाच राहतो आणि घट्ट होतो. पुढे वाहत्या पाण्याखाली धुऊन मुलांच्या हातात देतात. मी कायम एकच नियम ठेवला : दोन्ही हातांनी घ्यायचा. पहिल्यांदा हातात घेतल्यावर अठरा-एकोणीस वर्षांची मुलं बोलायची थांबतात. आता विच्छेदन सुरू करण्याआधी ती शपथही घेतात. काम संपल्यावर अवशेषांवर अंत्यसंस्कार होतात.

वर ज्यांची पत्रं आहेत, त्यांच्या माणसांना तपासणारे डॉक्टर मेंदू शिकले ते अशाच कोणाच्या तरी आईकडून.

कामाचं एवढं : आईची इच्छा असली तरी त्या वेळी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते, म्हणून भावंडांशी आत्ताच बोलून घ्या. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो. पोलीस केस असेल तर देह घेत नाहीत. नेत्रदान करायचं असेल तर ते सहा तासांच्या आत, आणि ते देहदानाच्या आड येत नाही. महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाचा फोन नंबर फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहा आणि फॉर्मची एक प्रत कपाटात नाही, दाराजवळ कॅलेंडरच्या मागे लावून ठेवा. त्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या कोणाला सापडत नाहीत.